‘पवार’ आडनावाचे अनेक उगम : गिरणगावाच्या संदर्भात एक विचार

परळ-लालबागच्या चाळींत ‘पवार’ हे आडनाव कानावर न पडता दिवस जाणे कठीण. मात्र हे आडनाव एका जातीचे नाही. मराठा, महार, बंजारा, पारधी अशा भिन्न समाजांत ते आढळते. त्यांतील बंजाऱ्यांच्या घरात गोरबोली, तर पारध्यांच्या घरात गुजरातीशी जवळीक असलेली बोली चालत आली आहे. भंडारा-गोंदियाकडे तर पवार (पोवार) हे आडनाव नसून जातीचेच नाव आहे. तेथील माणसांची आडनावे बिसेन, पटले, टेंभरे, रहांगडाले अशी. हे सारे एका मूळपुरुषाचे वंशज नव्हेत, हे उघड आहे. पण मग ‘खरे पवार कोणते आणि नाव उसने घेतलेले कोणते’ असा प्रश्न लगेच विचारला जातो. तो प्रश्नच सदोष आहे, असे प्रस्तुत निबंधात मांडावयाचे आहे.

रूढ समजुतीप्रमाणे पवार म्हणजे माळव्याचे परमार. 18व्या शतकात धार व देवास येथे सत्ता स्थापन करणाऱ्या मराठा पवार घराण्यांनी हा संबंध अभिमानाने सांगितला. भोजराजाची धारानगरीच हाती आल्यावर या दाव्याला वजन येणे स्वाभाविक होते. परंतु खुद्द परमारांचे मूळ तरी निर्विवाद आहे काय? पद्मगुप्ताने 11व्या शतकाच्या आरंभी ‘नवसाहसाङ्कचरित’ या काव्यात त्यांचा आद्यपुरुष अबूच्या पहाडावरील वसिष्ठांच्या अग्निकुंडातून निर्माण केला. त्याआधीच्या, इ.स. 949 च्या हरसोल ताम्रपटांत या कुंडाचा मागमूस नाही. तेथे सीयकाच्या वंशवर्णनाआधी येतात ती राष्ट्रकूट राजांची नावे. त्यावरून डी. सी. गांगुली यांनी परमार हे राष्ट्रकूटांपैकीच, म्हणजे दख्खनशी नाते असलेले, असे अनुमान काढले; इतर अभ्यासकांनी ते सरसकट मान्य केले नाही. ज्या मुळाशी तुलना करून इतरांना ‘उसने’ ठरवायचे, ते मूळही असे सत्ता स्थिरावल्यानंतर रचले गेलेले दिसते.

एकाच आडनावाखाली अनेक वंश नांदण्याचा प्रकार चीनमध्येही आहे. तेथे त्याचे एक कारण राजाज्ञेत सापडते. इ.स. 496 मध्ये उत्तर वेई घराण्याच्या श्याओवेन सम्राटाने शियनपेई कुळांना चिनी आडनावे घ्यावयास लावली आणि स्वतःचे ‘तुओबा’ हे कुलनाम टाकून ‘युआन’ हे घेतले. महाराष्ट्रात असे फर्मान निघाले नाही. गावात माणूस स्वतःच्या, बापाच्या व जातीच्या नावाने ओळखला जाई; आडनावाची रोजची गरज पडली ती शाळेच्या दाखल्यात, पलटणीत आणि सरकारी दप्तरात. तेव्हा कोणी कुळाचे नाव सांगितले, कोणी गावाचे. डॉ. आंबेडकरांच्या घराण्याचे कुलनाम सकपाळ; शाळेच्या नोंदीत मात्र आंबडवे या गावावरून आलेले नाव लागले. हेच सकपाळ आडनाव कोकणातील मराठा कुटुंबांतही आहे.

परळच्या पोयबावाडीतील चाळीत 1912 पासून सुमारे वीस वर्षे राहिलेल्या आंबेडकरांनी 1948 च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात या साम्याचाच पुरावा म्हणून उपयोग केला. मराठ्यांत असलेले कूळ महारांत नाही वा महारांतील मराठ्यांत नाही, असे क्वचितच आढळेल, हे त्यांचे निरीक्षण. पंजाबातील जाट आणि अस्पृश्य यांच्या गोत्रांचा दाखलाही त्यांनी जोडला. अस्पृश्यतेचे मूळ वंशभेदात नाही, एवढे यातून नक्कीच सिद्ध होते. रक्त एकच होते असे मात्र सिद्ध होत नाही, आणि आपणही या युक्तिवादावर तेवढा भार टाकू नये. तथापि ‘महारांनी पाटलाचे आडनाव उचलले’ हे पर्यायी स्पष्टीकरण अधिकच लंगडे आहे; नाव नेहमी वरून खालीच झिरपते, हे त्यात आधीच गृहीत धरलेले असते.

गिरणीत आडनावाच्या साम्याने काहीच साधले नाही. विणकाम खात्यात कांडी बदलताना धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धोटा आपल्या ओठाला लावण्यास सवर्ण कामगार तयार नव्हते. त्यामुळे अधिक मजुरीचे हे खाते अस्पृश्यांना बंद राहिले. 1928 च्या संपात आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. तेथे कोणता पवार कोठला, हे आडनावावरून कळत नसले तरी गाव, चाळ आणि खानावळ यांवरून कळतच होते. दया पवार यांचे बालपण ज्या कावाखान्यात गेले तो येथून फार दूर नाही. त्यांच्या ‘बलुतं’ (1978) या आत्मकथनाने हे आडनाव मराठी वाचकापुढे धारच्या दरबाराहून अगदी वेगळ्या वाटेने आणले.

सोयरिकीच्या नियमात ही गाठ सर्वांत घट्ट दिसते. देवक एक असेल तर लग्न वर्ज्य, कारण ती माणसे भाऊबंद. हा नियम मराठे व महार दोघेही आपापल्या जातीत पाळत आले. मराठा पवार आणि महार पवार यांच्या बाबतीत मात्र देवक विचारण्याची वेळच येत नाही. त्याआधीच जात विचारली जाते.