वेढ्यातील नगर आणि जठराचे शास्त्र

सन १२३२ मध्ये मंगोल सैन्याने जिन राजवटीची राजधानी काइफंग हिला वेढा घातला. वेढा उठला, लोकांना अन्न मिळू लागले, आणि मग मृत्यूचे थैमान सुरू झाले. नगराच्या बारा वेशींपैकी प्रत्येकीतून रोज हजार ते दोन हजार प्रेते बाहेर नेली जात व हा क्रम सुमारे तीन महिने चालला, असे वैद्य ली तुंगयुआन (११८०–१२५१) यांनी नोंदविले आहे.

इतर वैद्यांनी बाहेरील थंडीची बाधा मानून घाम आणणारी व रेचक औषधे दिली. ली यांनी विचारले, साऱ्या नगराला एकाच वेळी थंडी कशी बाधेल? त्यांच्या मते उपासमार, भीती व श्रम यांनी प्लीहा आणि जठर आधीच खचले होते. म्हणून त्यांनी जिनसेंग, ज्येष्ठमध, संत्र्याची वाळलेली साल इत्यादींचा बलवर्धक काढा योजिला आणि १२४९ मध्ये ‘पी वेइ लुन’ हा प्लीहा-जठरविषयक ग्रंथ सिद्ध केला. तो काढा चीन-जपानमध्ये आजही दिला जातो. जठराग्नीची कल्पना जाणणाऱ्या आपणांस हा विचार परका वाटू नये.

त्या मृत्यूंमागे साथीचा संसर्ग असावा, असे काही आधुनिक इतिहासकार मानतात. तरीही रोग्याच्या पोटाची तपासणी करताना ली यांनी त्या पोटाने सोसलेली उपासमार पाहिली, हे त्यांचे श्रेय अबाधित राहते.