टोपी खरी, नाव खोटे

सबंध टोपीच बनावट असेल तर ती ओळखणे तुलनेने सोपे. आम्हांला अधिक घातक वाटते ती अस्सल टोपी, जिच्यावर मागाहून थोर नाव चढविलेले असते. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन अधिकाऱ्यांच्या टोप्यांत अस्तरावर शंकरपाळ्याच्या आकाराचा पारदर्शक तुकडा असे. त्याखाली नावाची चिठ्ठी सरकवीत. टोपी त्या काळचीच, चिठ्ठी परवाची, आणि किंमत मात्र फील्डमार्शलची! अतिनील प्रकाशात चिठ्ठी निळसर-पांढरी झळकली, तर युद्धानंतर सर्रास झालेल्या उजाळक रसायनांचा संशय घ्यावा. न झळकल्यास काहीच सिद्ध होत नाही. जुना कोरा कागद मिळविणे अवघड नसते. (प्रक्षिप्त अभंगांतील नाममुद्रा येथे आठवावी.)

म्हणून टोपी कोणाकोणाच्या हातून आली, हे तपासावे लागते. नेपोलियनने सुमारे १२० टोप्या वापरल्या. आज जेमतेम वीस उरल्या आहेत. त्या काळ्या, साध्या, सोनेरी किनारीवाचून. २०२३ साली फाँतेनब्लो येथील लिलावात त्यांतील एकीला १९ लाख युरोंहून अधिक किंमत आली. नेपोलियनच्या राजवाड्याच्या व्यवस्थेतील कर्नल बायों यांच्या घराण्यात ती १९व्या शतकात सांभाळलेली होती.