सही कुणाची?

गर्भपात असो, तांबी बसवणं असो की पिशवी काढण्याचं ऑपरेशन, एक प्रश्न आम्हा डॉक्टरांना हमखास ऐकायला मिळतो. ‘मिस्टरांची सही लागेल ना?’ खरं तर तो प्रश्न नसतोच, उत्तर गृहीत धरलेलं असतं. पेशंट समोर बसलेली, सज्ञान, पूर्ण शुद्धीवर. सही मात्र दुसऱ्याच कुणाची तरी हवी असते.

कायद्याचं उत्तर एका ओळीचं आहे: नाही, लागत नाही. पण बाईच्या शरीरावर बाईची सही, ही कल्पना आपल्याकडे आकाशातून पडलेली नाही. तिच्यासाठी मुंबईच्या हायकोर्टात एका तरुण मुलीने चार वर्षं भांडण केलं आहे. आज त्याबद्दल. औषधं आणि पथ्यपाणी या वेळी नाही. विषय मात्र आरोग्याचाच आहे.

रखमाबाईंचा जन्म १८६४चा, मुंबईतला. वडील लवकर वारले. आई जयंतीबाई सुतार समाजातल्या. तिथे विधवेने दुसरं लग्न करायला आडकाठी नव्हती. त्यांनी लग्न केलं डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी. हे गृहस्थ ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायचे, वनस्पतींचे मोठे जाणकार. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ज्या आठ जणांनी स्थापन केली, त्यांत भारतीय दोनच होते आणि त्यातले एक हे.

तरीही अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न झालंच. नवरा दादाजी भिकाजी, एकोणीस-वीस वर्षांचा. सुधारक डॉक्टरच्या घरात बालविवाह! पण सखाराम अर्जुन यांनी एक गोष्ट केली. रखमाबाईंना न्हाण आल्यावर रिवाजाप्रमाणे पतिपत्नी एकत्र यायला हवी होती, ते त्यांनी होऊ दिलं नाही. यामागे डॉक्टरकीचं ज्ञान होतं. पाळी आली म्हणजे शरीर बाळंतपणाला तयार झालं, ही समजूत आजही घरोघरी आढळते. प्रत्यक्षात पाळी सुरू झाल्यानंतरही काही वर्षं कंबरेच्या हाडांचा सांगाडा वाढतच असतो. बाळाला बाहेर पडायची वाट पुरेशी रुंद झालेली नसते. अशा मुलीचं बाळंतपण दिवसचे दिवस अडतं, मूल दगावतं. आई वाचलीच तर लघवीच्या पिशवीला भोक पडून जन्मभर गळती लागू शकते.

तर रखमाबाई माहेरीच राहिल्या आणि वाचू लागल्या. दादाजींनी शिकावं, चांगला माणूस व्हावं अशी सासरच्यांची अपेक्षा होती. ते मामाकडे राहायला गेले आणि शिक्षण बाजूला पडलं. १८८४ साली त्यांनी हायकोर्टात दावा लावला: बायको नांदायला येत नाही, तिला पाठवा. ज्याला आजही आपण ‘नांदायला आणण्याचा दावा’ म्हणतो, तोच हा.

हा दावा मुळात हिंदू धर्मशास्त्रातला नाही, बरं का. तो इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आला. आणि गंमत बघा, ज्या वर्षी दादाजी कोर्टात गेले त्याच १८८४ साली इंग्लंडने असा हुकूम न मानणाऱ्याला तुरुंगात टाकायची तरतूद काढून टाकली. भारतात मात्र ती राहिली.

१८८५ मध्ये न्या. पिन्ही यांनी दावा फेटाळला. त्यांचं म्हणणं साधारण असं, की हे दोघं कधी एकत्र राहिलेच नाहीत, मग ‘पुन्हा’ नांदवायचं कसलं? अजाणत्या वयात लग्न लावलेल्या मुलीला तिच्या इच्छेविरुद्ध पुरुषाच्या हवाली करणं त्यांना क्रूर वाटलं. दादाजी अपिलात गेले. प्रकरण पुन्हा खाली आलं, आणि मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी हुकूम दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंग, सहा महिन्यांपर्यंत.

रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली.

इथे जरा थांबू या. शिकलेल्या, घरच्या मालमत्तेची वारस असलेल्या, बावीस-तेवीस वर्षांच्या बाईने कोर्टाला सांगायचं की मला कोठडीत टाका, पण त्याच्या घरी जाणार नाही! त्याआधी तिने ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहावर आणि विधवांच्या हालांवर पत्रंही लिहिली होती. लग्नाच्या वेळी माझा होकार कुणी विचारला नव्हता, म्हणून ते बंधन मला लागू नाही, असं तिचं म्हणणं. लग्न लागणं वेगळं आणि शरीराचा होकार वेगळा, ही फोड तिने केली. हे आज सोपं वाटतं. तेव्हा टिळकांसारखे नेतेही केसरी-मराठातून तिच्या विरोधात उभे राहिले. परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये, हा त्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. पण घर वाचवायच्या त्या लढाईत घरातल्या मुलीचं काय होतंय, हे विचारायचं राहून गेलं, असं मला वाटतं.

शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हुकूमाची अंमलबजावणी सोडून दिली. रखमाबाई कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची आणि इतरांच्या मदतीने १८८९ साली लंडनला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. पुढची कित्येक वर्षं सुरत आणि राजकोटला त्यांनी बायकांवर उपचार केले. १९५५ साली त्या वारल्या.

रखमाबाई निदान जिवंत सुटल्या. १८९० साली कलकत्त्यात खटला चालला तो फुलमणी दासीच्या मृत्यूचा. दहा-अकरा वर्षांची मुलगी, तिशी ओलांडलेला नवरा, आणि संबंधामुळे झालेला रक्तस्राव. दहा वर्षं पूर्ण झालेली बायको असेल तर बलात्काराचा गुन्हाच लागत नव्हता. नवऱ्याला निष्काळजीपणाने दुखापत केल्याबद्दल एक वर्षाची सक्तमजुरी झाली. भारतात काम करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे अर्ज केला आणि आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या अशा मुलींच्या जखमा त्यात मांडल्या. मार्च १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. दहाचं वय बारा झालं. फक्त दोन वर्षं वाढली, आणि त्यावर देशभर रणकंदन.

आता थोडं तत्त्वज्ञान, घाबरू नका. १९४९ साली सिमोन द बोव्हार या फ्रेंच लेखिकेने ‘द सेकंड सेक्स’ या पुस्तकात मांडलं, की शरीर ही नुसती वस्तू नसून आपण ज्या परिस्थितीत जगतो ती परिस्थिती आहे. डॉक्टरी भाषेत सांगायचं तर गर्भाशय, बीजकोश, पाळी हे शरीरशास्त्र. पण त्या गर्भाशयाचं काय होणार हे शरीरशास्त्र ठरवत नाही. ते घर, पैसा, रिवाज आणि कायदा ठरवतात. रखमाबाई आणि फुलमणी यांच्या शरीरांत शास्त्राच्या दृष्टीने काय फरक होता? फरक होता तो आजूबाजूच्या माणसांत. एकीचा सावत्र बाप ‘थांबा’ म्हणाला.

आपल्याकडे हा विचार थेट आरोग्यात आणला र. धों. कर्वे यांनी. १९२१ पासून त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला द्यायला सुरुवात केली आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. नोकरी गमावली, खटले सोसले. त्यातल्या एका खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्व्यांवर स्वतंत्र लेख हवा, तो पुढे कधीतरी.

गर्भपाताचा कायदा १९७१ साली आला. त्याआधी शांतिलाल शाह समितीचा अहवाल होता. असुरक्षित गर्भपातांनी होणारे मृत्यू आणि लोकसंख्या, या दोन काळज्या मुख्यतः त्यामागे होत्या. बाईचा हक्क हा शब्द फारसा नव्हता. म्हणून आजही कायद्याची रचना अशी, की बाईची संमती हवीच, पण ती पुरेशी नाही. डॉक्टरचं मत अनुकूल लागतं. डॉक्टर असूनही मला हे खटकतं. मात्र एक गोष्ट त्या कायद्याने स्वच्छ केली: अठरा वर्षांवरच्या, मानसिक आजार नसलेल्या बाईच्या बाबतीत फक्त तिची संमती. नवऱ्याची नाही, सासूची नाही, आईचीही नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने अविवाहित बाईच्या प्रकरणात हे पुन्हा बजावलं आणि डॉक्टर कायद्यात नसलेल्या अटी घालतात यावर बोट ठेवलं. बोट आमच्याकडे होतं, आणि रास्त होतं.

मग आम्ही नवऱ्याची सही का मागतो? थोडी सवय, बरीच भीती. उद्या नातेवाईक दवाखान्यात येऊन आरडाओरडा करतील ही भीती. त्यात कोर्टांनीही गोंधळ घातला आहे. २००७ च्या एका घटस्फोटाच्या निकालात, वैद्यकीय कारण नसताना नवऱ्याला न सांगता गर्भपात करणं ही मानसिक क्रूरता ठरू शकते, असं सुप्रीम कोर्टाने म्हटलं. म्हणजे बाईची सही ऑपरेशनला पुरेशी, पण संसारात तीच तिच्या विरुद्ध पुरावा! आणि नांदायला आणण्याचा दावा? १९८३ मध्ये आंध्र हायकोर्टाने तो बाईच्या शरीरावरचा घाला म्हणून घटनाबाह्य ठरवला. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने तो वैध ठरवला. हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ पुस्तकात आहे. इंग्लंडने हा दावा १९७० साली काढून टाकला.

सही बाईची असली म्हणजे झालं, असंही नाही. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न पुढे आला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. मुकादमाची उचल डोक्यावर, एक खाडा पडला की दंड, फडात ना संडास ना पाणी. अशा वेळी अंगावरून पांढरं जातंय म्हणून पिशवीच काढून टाकणारी तिशीतली बाई फॉर्मवर स्वतःच सही करते, अंगठा उठवते. तिला कुणी हाताला धरून नेलेलं नसतं. तिला सांगितलं जात नाही ते एवढंच, की पांढऱ्या जाण्यावर बहुतेक वेळा गोळ्यांनी उपचार होतो आणि पिशवीबरोबर बीजकोश काढले तर हाडं लवकर ठिसूळ होतात.

एक निकाल मात्र लक्षात ठेवा. दिल्लीतल्या चव्वेचाळीस वर्षांच्या एका बाईंना दुर्बिणीतून तपासणीसाठी भूल दिली होती. त्या बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या त्यांच्या आईची सही घेऊन गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले. २००८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं: जिवाला तातडीचा धोका नव्हता, पेशंट सज्ञान होती, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं, आईची सही चालत नाही. तपासणीला दिलेली संमती म्हणजे ऑपरेशनला दिलेली संमती नव्हे.

तेव्हा ऑपरेशनच्या आधी फॉर्म मराठीत मागा आणि वाचा. ‘गरज पडल्यास’ असा शब्द दिसला तर कशाची गरज, तेव्हा नेमकं काय काढणार आणि काय ठेवणार, हे विचारून तिथेच लिहून घ्या. गर्भपाताच्या नोंदीतलं तुमचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर कायद्याने बंधनकारक आहे. कायद्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीखेरीज कुणालाही ते सांगितलं तर शिक्षा आहे. त्या ‘कुणालाही’ मध्ये नवराही आला.