पुठ्ठा साच्यात बसेल की फाटेल?

विदर्भातील लग्नसराई ऐन उन्हाळ्यात येते आणि द्रोण-पत्रावळींना मागणीही तेव्हाच असते. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिक व थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून देशभरातही एकदाच वापरायच्या अशा अनेक वस्तूंवर बंदी लागू झाली. साहजिकच कागदी ताटल्यांचे महत्त्व वाढले. बुलडाणा जिल्ह्यातील बीबीसारख्या गावात असे छोटे यंत्र बसवू पाहणाऱ्यापुढे मात्र एक प्रश्न उभा राहतो. विकत आणलेला पुठ्ठा साच्यात नीट आकार घेईल की नाही, हे आधी कसे ओळखावे? चुकल्यास गठ्ठाच्या गठ्ठा रद्दीत जातो.

बाजारात पुठ्ठा ‘जीएसएम’वर, म्हणजे एका चौरस मीटरच्या वजनावर विकला जातो. जाड तो चांगला, हा समज त्यातूनच रूढ झाला असावा. पण फाटणे-न फाटणे वजनावरून ठरत नाही. तुटण्यापूर्वी पुठ्ठा किती ताणला जातो, हे महत्त्वाचे. गिरणीत कागद ज्या दिशेने धावतो त्या दिशेने साधा पुठ्ठा साधारण २ ते ३ टक्के ताणला जातो, आडव्या दिशेने त्याच्या सुमारे दुप्पट. तापविलेल्या प्लास्टिकच्या मानाने हे काहीच नाही. त्यामुळे उथळ ताटली सहज निघते, खोल द्रोण अडतो.

सुरकुत्यांचे गणित वेगळे आहे. २५ सेंटिमीटर व्यासाच्या गोल तुकड्याचा परीघ सुमारे ७८.५ सेंटिमीटर. दाबल्यावर कडेचा व्यास २२ सेंटिमीटर झाला, तर परीघ ६९ वर येतो. उरलेले साडेनऊ सेंटिमीटर कुठेतरी दुमडणारच. ते एकाच जागी गोळा होऊ नयेत म्हणून ताटलीच्या कडेला सारख्या अंतरावर चुण्या पाडतात. ती निव्वळ नक्षी नव्हे.

सर्वांत फसवा घटक ओलाव्याचा. ओलावा आणि उष्णता यांमुळे कागदाचे तंतू मऊ होतात. चाळीस अंशांवरच्या कोरड्या हवेत उघडा पडलेला गठ्ठा वाळतो आणि पावसाळ्यात विनातक्रार चाललेला तोच माल मे महिन्यात तडकतो. वाळलेली पळसाची पाने टाचण्यापूर्वी त्यांवर पाणी शिंपडणाऱ्यांना हे तत्त्व पूर्वीपासून ठाऊक आहे. मात्र ओलावा अति झाला, तर तापलेल्या साच्यात वाफ कोंडून पुठ्ठ्याचे थर फुगतात.

तंतूंची दिशा घरच्या घरीही कळते. पुठ्ठ्याचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओलसर केला की तो वळतो आणि त्या वळीची नळी गिरणीतील धावेच्या दिशेला समांतर असते. नेमके आकडे हवे असल्यास प्रयोगशाळा गाठावी लागते. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईतील भारतीय पॅकेजिंग संस्थेत वेष्टन साहित्याच्या चाचण्या होतात. कागदाची चाचणी २३ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रतेत घेण्याचा आंतरराष्ट्रीय प्रघात आहे. वैशाखातील पत्र्याच्या शेडमध्ये ही स्थिती कुठून असणार? त्यामुळे अहवालातील आकडा तेथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

जर्मनीतील ड्रेस्डेन व फिनलंडमधील लापेनरांता येथील विद्यापीठांत पुठ्ठ्याला साच्यात आकार देण्यावर संशोधन झाले आहे. ताण, दाब सोसण्याची शक्ती, साच्याशी होणारे घर्षण, तापमान आणि ओलावा यांचा एकत्रित विचार करावा लागतो. छोट्या उद्योजकाने किमान गठ्ठे प्लास्टिकच्या वेष्टनातच ठेवावेत, लागतील तेवढेच उघडावेत आणि मोठी खरेदी करण्यापूर्वी त्याच मालाचे वीस-पंचवीस तुकडे स्वतःच्या यंत्रावर, भर दुपारी दाबून पाहावेत.