लोस हाइतिसेस: खारफुटीतून गुहांकडे
डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या ईशान्येला, समाना उपसागराकाठी लोस हाइतिसेस हा चुनखडीच्या टेकड्यांचा प्रदेश आहे. इथल्या मूळ रहिवाशांच्या ताइनो भाषेत या नावाचा अर्थ डोंगराळ भूमी. पावसाच्या पाण्याने चुनखडी विरघळत गेली आणि टेकड्यांच्या पोटात गुहा तयार झाल्या. युरोपीय लोक येण्यापूर्वी इथल्या मूळ रहिवाशांनी गुहांच्या भिंतींवर कोळशाने पक्षी, मासे, माणसे रेखाटली; काही ठिकाणी दगडात चेहरे कोरले. जानेवारी १४९३ मध्ये कोलंबस या उपसागरात थांबला. पुढे उसाच्या वाहतुकीसाठी आखलेल्या रेल्वेमार्गावरून एका गुहेला ‘ला लिनेआ’ (स्पॅनिशमध्ये ‘मार्ग’) हे नाव पडले. १९७६ मध्ये हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला. आता सबाना दे ला मार या गावाहून वाटाड्यासह निघालेली होडी तांबड्या खारफुटीच्या कमानदार मुळांलगत सरकत या अनमोल चित्रांपर्यंत पोहोचते.