धूळपाटी आणि दफ्तर

स्मार्टफोन घेण्यास गेलेल्या गृहस्थापुढें विक्रेता दोन आंकडे ठेवितो : ‘आठ-एकशें अठ्ठावीस’ किंवा ‘बारा-दोनशें छप्पन्न’. पहिला आंकडा रॅमचा, दुसरा स्टोरेजचा. दोहोंपुढें ‘जीबी’ हें एकच परिमाण लागत असल्यामुळें पुष्कळांचा असा समज होतो कीं, दोन्ही एकाच जातीच्या वस्तु असून बेरीज जितकी मोठी तितका फोन चांगला. हा समज चुकीचा आहे. आणि ही चूक केवळ पैशांपुरती असती तर तिच्यावर लेख लिहिण्याचें कारण नव्हतें. परंतु ज्या घरांत पूर्वीं फोटोंचा आल्बम, पत्रांची पेटी व हिशेबाची वही असे, त्या घराचें सारें स्मरण आज या एका यंत्रांत सांठत आहे. म्हणून या दोन आंकड्यांची कुळकथा वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हा भेद आमच्या पूर्वजांस परका नव्हता. ज्योतिषी गणित करी तें धूळपाटीवर. उत्तर हातीं आलें कीं धूळ सारखी करून पाटी पुढच्या गणितास मोकळी होई. उलट, राखावयाचे कागद रुमालांत बांधून दफ्तरीं ठेवीत. पेशवे दफ्तरांतील असेच रुमाल सोडून रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० पासून चार-पांच वर्षांत निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले. धूळपाटी चपळ पण क्षणजीवी, दफ्तर मंद पण टिकाऊ. रॅम ही फोनची धूळपाटी आणि स्टोरेज हें त्याचें दफ्तर होय.

यंत्रगणनेच्या इतिहासांतहि हीं दोन कामें आरंभापासून निराळीं राहिलीं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं कामास लागलेल्या ‘टिफ्रॅक’ यंत्राची पाटी फेराइटच्या बारीक कड्यांची होती. तींत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत; म्हणजे सारी मिळून सुमारें १० हजार बाइट. आज ८ जीबी रॅमचा फोन खिशांत घालणारा मनुष्य याच्या आठ लक्षपटींहून मोठी पाटी बाळगतो. दफ्तराच्या बाजूस आयबीएम कंपनीनें १९५६ सालीं तबकड्यांची पेटी पुढें आणली. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्यांवर ५० लक्ष अक्षरें मावत. आजच्या फोनमधील दोन-तीन छायाचित्रांनींच ती भरून जाईल.

पुढें दोन्ही शाखा सिलिकॉनवर आल्या, तरी त्यांचा स्वभाव पालटला नाहीं. आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड यांस १९६८ सालीं ज्या रचनेचें पेटंट मिळालें, तींत एका बिटास एक ट्रँझिस्टर व एक कपॅसिटर एवढेंच लागतें. कपॅसिटरांतील विद्युद्भार झिरपून जातो, म्हणून तो साधारणतः दर ६४ मिलिसेकंदांच्या आंत पुन्हां भरावा लागतो. वीज गेली कीं पाटी कोरी. फ्लॅशची कथा निराळी. बेल प्रयोगशाळेंतील डॉन कांग व सायमन झी यांनीं १९६७ सालीं विद्युद्भार निरोधक थरांमध्यें कोंडून ठेवण्याची युक्ति मांडली, आणि तोशिबाचे फुजिओ मासुओका यांनीं १९८४ व १९८७ सालीं तिजवरून फ्लॅश व नँड फ्लॅश सिद्ध केली. येथें वीज नसतांहि भार वर्षानुवर्षें टिकतो. मात्र प्रत्येक पुसण्यागणिक निरोधक थर झिजतो, आणि पुसणें एकेका अक्षराचें न होतां सबंध गठ्ठ्याचें होतें. म्हणूनच दफ्तर कांठोकांठ भरलें कीं जागा करण्यासाठीं यंत्रास आंतले कागद हलवीत बसावें लागतें व फोन मंदावतो.

आतां व्यवहाराकडे वळूं. पाटी अपुरी असली तर फोन मागें ठेवलेलीं अ‍ॅपें पुसून टाकितो. बँकेचें काम अर्ध्यावर ठेवून ओटीपी पाहून परत यावें, तों पान पुन्हां पहिल्यापासून उघडतें, तें यामुळेंच. ‘८+८’ अशी जाहिरात करून विकली जाणारी वाढीव रॅम ही खरी रॅम नव्हे. दफ्तराचा एक कोपरा पाटी म्हणून वापरण्याची ही युक्ति मँचेस्टर विद्यापीठाच्या ‘अ‍ॅटलस’ यंत्रानें १९६२ सालींच योजिली होती. युक्ति उपयोगी खरी, परंतु दफ्तराचा वेग पाटीस कधींच गांठीत नाहीं.

अपुऱ्या पाटीची शिक्षा गरिबास अधिक होते. स्वस्त फोनांसाठीं काढलेल्या ‘अँड्रॉइड गो’ या आवृत्तीनेंहि २०२२ सालीं, अँड्रॉइड १३ बरोबर, रॅमची किमान मर्यादा २ जीबीवर नेली. १ जीबीचे फोन त्या वाटेनें पुढें जाऊं शकले नाहींत. रॅम मागाहून वाढवितां येत नाहीं. कित्येक फोनांत कार्ड घालून छायाचित्रांस तरी जागा करितां येते. यास्तव ज्याचा पैसा बेताचा त्यानें आधीं पुरेशी रॅम पाहावी. निरोप, बँक, छायाचित्रें एवढ्या कामास आमच्या मतें आज ८ जीबी पुरे; त्यापुढचा पैसा स्टोरेजवर खर्चावा.

स्टोरेज किती, याचें उत्तर विक्रेत्यास न विचारतां जुन्या फोनास विचारावें. तीन वर्षांत ९० जीबी भरले असतील व तो सारा संग्रह नव्यांत न्यावयाचा असेल, तर आणखी चार वर्षांत १२० ची भर पडून २१० होतील. म्हणजे १२८ नव्हे, २५६ हवेत. शिवाय १२८ चा आंकडा दशमान गणतीचा असतो. दोनाच्या घातांनीं मोजल्यास तो ११९ भरतो, व त्यांतूनच फोनची स्वतःची व्यवस्थाहि आपला वांटा घेते.

‘सारें क्लाउडवर आहे’ असें म्हणणाऱ्यांस एक आठवण द्यावीशी वाटते. गूगल फोटोजची अमर्याद मोफत सांठवण १ जून २०२१ पासून बंद झाली. त्यानंतरचीं छायाचित्रें मोफत १५ जीबींच्या हिशेबांत धरलीं जातात. दुसऱ्याच्या दफ्तरांत ठेवलेल्या कागदांस दुसऱ्याचे नियम लागू होतात.

पेशवे दफ्तर टिकलें तें कागद चांगला होता एवढ्यावर नव्हे. राज्य गेल्यावरहि तें कोणी तरी सांभाळलें म्हणून टिकलें. फोन पाण्यांत पडला, तर २५६ जीबीहि शून्यच. म्हणून नवा फोन घेणाऱ्यानें हिशेबांत तिसरा आंकडाहि धरावा : आपल्या आईचें शेवटचें छायाचित्र किती ठिकाणीं ठेविलें आहे? तो आंकडा एक असेल, तर पहिले दोन कितीहि मोठे असले तरी सौदा कच्चाच राहिला.