देश की दीन? औरंगाबादच्या मौदूदींनी छेडलेला वाद आणि त्याला मिळालेली उत्तरं

जालना जिल्ह्यातलं राजूर आपल्याला माहीत असतं ते गणपतीमुळं. पण हा जिल्हाच झाला १ मे १९८१ ला. त्याआधी राजूर औरंगाबाद जिल्ह्यात होतं आणि १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाचा. याच औरंगाबादेत २५ सप्टेंबर १९०३ ला सय्यद अबुल आला मौदूदी यांचा जन्म झाला. विसाव्या शतकातल्या राजकीय इस्लामवर सगळ्यात जास्त छाप पाडणाऱ्यांपैकी ते एक.

विशीत ते दिल्लीत ‘अल-जमियत’ या पत्राचे संपादक होते. शुद्धी आणि तबलीगवरून तेव्हा वातावरण तापलेलं. २३ डिसेंबर १९२६ ला स्वामी श्रद्धानंदांची एका मुस्लिम माणसानं हत्या केली आणि इस्लाम तलवारीचाच धर्म आहे, ही टीका जोरात सुरू झाली. मौदूदींनी उत्तरादाखल लेखमाला लिहिली. तिचंच पुढं ‘अल-जिहाद फिल इस्लाम’ हे पुस्तक झालं.

त्यांच्या विचाराचा गाभा म्हणजे हाकिमियत, म्हणजे सर्वोच्च सत्ता फक्त अल्लाहची. राष्ट्रवाद असो, सेक्युलॅरिझम असो की कम्युनिझम, इथं शेवटचा शब्द माणसाचा असतो, म्हणून हे सगळं त्यांना अमान्य. आता वाटेल की मग ते पाकिस्तानच्या मागणीमागं उभे राहिले असतील. तर तसं नाही. मुस्लिम लीगचा राष्ट्रवादही त्यांच्या लेखी पाश्चात्त्यच होता. १९४१ मध्ये त्यांनी लाहोरला जमात-ए-इस्लामी स्थापन केली ती वेगळी वाट म्हणून. फाळणीनंतर मात्र ते पाकिस्तानातच गेले.

गंमत म्हणजे याच्या उलट तगडी मांडणी झाली ती देवबंदमधून. मौलाना हुसेन अहमद मदनी यांनी १९३८ मध्ये ‘मुत्तहिदा कौमियत और इस्लाम’ लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की कुराणात पैगंबर श्रद्धा न ठेवणाऱ्यांनाही ‘माझी कौम’ म्हणतात. मदिनेच्या करारात मुस्लिम आणि ज्यू एकत्र होते. म्हणजे दीन वेगळा असला तरी देश एक असू शकतो. दोघंही मौलाना, दोघांचा आधार कुराणच, आणि निष्कर्ष मात्र उलटे!

भारतात राहिलेल्यांनी १९४८ मध्ये जमात-ए-इस्लामी हिंद ही स्वतंत्र संघटना उभी केली. सुरुवातीला तिचे सदस्य मतदानापासून लांब राहायचे. अल्पसंख्याक म्हणून जगताना ही भूमिका टिकणं अवघडच होतं, आणि पुढं ती बदलली.

महाराष्ट्रात तिसरा सूर उमटला. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई म्हणाले, कायद्याचं उत्तर धर्मग्रंथात शोधूच नका. १८ एप्रिल १९६६ ला त्यांनी तोंडी तलाकविरोधात सात महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला आणि २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. उलेमांनी त्यांना जवळ केलं नाही. मुंबईचे असगर अली इंजिनियर यांनी मात्र कुराणाचाच नवा अर्थ लावत स्त्रियांच्या हक्कांची बाजू मांडली.

२२ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं एका दमात दिलेला तिहेरी तलाक ३ विरुद्ध २ मतांनी रद्द केला. त्या तिघांपैकी न्या. नरिमन आणि न्या. लळित यांनी राज्यघटनेतल्या समानतेचा आधार घेतला. तिसरे न्या. कुरियन जोसेफ म्हणाले, हा तलाक कुराणालाच धरून नाही.